दुसरी सही

तंजावूर,
नवरात्रीचा तिसरा दिवस

प्रिय नंदिता,

मी मराठीत लिहिते आहे ते भाषेच्या प्रेमाने नव्हे. आपल्या घरात सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. तू पुण्यात राहून बसच्या पाट्या आणि दुकानांची नावं वाचत वाचत शिकलीस. हे पाकीट चुकून तुझ्या अप्पाच्या टेबलावर गेलं, तरी त्याला अक्षरांवरच्या रेघेपलीकडे काही दिसणार नाही. फोन केला असता, पण फोनवर तू 'असू दे ना आत्या, बीपी वाढेल' म्हणतेस आणि मी खरोखरच गप्प बसते. कागदाला बीपी नसतं.

अप्पाने तुला एक फॉर्म पाठवला आहे, हे मला ठाऊक आहे. 'गिरणीच्या कंपनीची संचालक व्हायला माझी संमती आहे,' असा तो फॉर्म. 'अक्काचं वय झालं, तिला आता झेपत नाही, तिच्या जागी तुझं नाव घालतो, तू नुसती सही करून पाठव,' असं तो म्हणाला असेल. मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले असतील, इतकंच. माझं एकच मागणं आहे. सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

फेब्रुवारीत काय झालं, ते तुला तीन वाक्यांत सांगितलं गेलं. ओरत्तनाडूच्या गिरणीतला बॉयलर फुटला. शेषम्मा गेली. चूक बॉयलरवाल्या सांबशिवाची. यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. शेषम्मा तुला आठवत असेलच. तू लहान असताना सुट्टीत गिरणीवर आलीस की तुला कडेवर घेऊन वाळत घातलेल्या भाताच्या कडेकडेने फिरायची, आणि तू मुठी भरभरून भात उधळलास तरी 'उधळू दे, मालकीण आहे' म्हणायची. त्या दिवशी पहाटे साडेपाचला ती भिजवलेलं भात वाफेच्या टाकीत सोडायला गेली होती. उकड्या तांदळाची गिरणी, काढणीचा हंगाम, टाकी एक तास रिकामी ठेवायची नाही असा तुझ्या अप्पाचा हुकूम. तिच्या मुलाने तिला पायातल्या जोडव्यांवरून ओळखलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्याकडे मुलींना वाईट गोष्टी सांगत नाहीत, त्यांच्याकडून फक्त सह्या घेतात.

सांबशिवाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हॉस्पिटलमधून सुटला तो थेट पोलिसांच्या ताब्यात गेला. त्याच्याविरुद्ध तक्रार अशी की बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर त्याने स्वतःच्या मनाने वजन टांगलं. तू इंजिनिअर आहेस, तुला जास्त सांगायला नको. तो व्हॉल्व्ह जुना झाला होता, वेळेआधीच वाफ सोडत होता, त्यामुळे भात उकडायला उशीर होत होता. म्हणून जुन्या तराजूचं पाच किलोचं लोखंडी माप तारेने बांधून त्याच्या दांड्यावर टांगलेलं होतं. ते कुणी टांगायला लावलं, एवढाच आता कोर्टापुढचा प्रश्न आहे. अप्पा म्हणतो, मला माहीतच नव्हतं. सांबशिव म्हणतो, मी नवा व्हॉल्व्ह मागितला होता, लेखी मागितला होता. त्याचा अर्ज गिरणीच्या ऑफिसात सापडत नाही. सापडेल कसा?

आता थोडं वर्गात बसल्यासारखं बस. एकतीस वर्षं मी मुलींना वाणिज्य शिकवलं, आणि दर जूनमध्ये फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून डाव्या बाजूला प्रायव्हेट आणि उजव्या बाजूला पब्लिक लिहिलं. खेड्यातून पहिल्या बसने आलेल्या मुली विचारायच्या, मिस, पब्लिक म्हणजे सरकारी ना? मी म्हणायची, नाही गं, पब्लिक म्हणजे जिचे शेअर कुणीही परका माणूस विकत घेऊ शकतो ती. प्रायव्हेट म्हणजे जिचे शेअर घरातल्या घरात फिरतात ती. पब्लिकला निदान सात भागधारक आणि तीन संचालक लागतात, प्रायव्हेटला दोन आणि दोन पुरतात. दोन माणसं, दोन सह्या, झाली कंपनी. मुली ते पाठ करायच्या, परीक्षेत लिहायच्या, पास व्हायच्या. मीही पासच झाले होते. त्या डाव्या रकान्यात मी स्वतः उभी आहे, हे मात्र मला एकतीस वर्षांत एकदाही दिसलं नाही.

तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या तुळजारामपंतांनी, गिरणीची प्रायव्हेट लिमिटेड केली तेव्हा मला शंभरातले अठरा शेअर दिले आणि संचालक केलं. अख्ख्या गल्लीत सांगत सुटले की मी मुलगा-मुलगी भेद केला नाही. जमीन आणि घर कृष्णाजीला, म्हणजे तुझ्या अप्पाला, आणि मला असा मान, जो कुणाला विकता येत नाही. कारण नियमावलीत लिहिलेलं की संचालक मंडळाच्या परवानगीशिवाय शेअर बाहेर द्यायचा नाही, आणि संचालक मंडळ म्हणजे मी आणि तुझा अप्पा. मोठ्या कंपन्यांचा तक्ता मी फळ्यावर काढायची तो पिंपळाच्या मुळांसारखा पसरायचा. भागधारक, त्यांनी निवडलेलं मंडळ, मंडळाने नेमलेला अधिकारी, त्याच्या हाताखाली खाती, आणि खात्यातल्या माणसाला साहेब ऐकत नसेल तर थेट मंडळाकडे जायची एक वेगळी वाट. आपल्या कंपनीचा तक्ता काढायचा तर एकच चौकोन. त्यात कृष्णाजी. त्यातून खाली रेघा निघतात, वर एकही येत नाही. सांबशिवाने वर जायचं ठरवलं तर तो कुणाकडे जाणार होता? अप्पाविरुद्धची तक्रार अप्पाकडेच.

तुला नोकरी लागली तेव्हा मी कौतुकाने तुझ्या कंपनीचे दहा शेअर घेतले होते, आठवतं? तू हसलीस, म्हणालीस, आत्या, आता तू माझी बॉस. गेल्या वर्षी त्यांची वार्षिक सभा मी इथे बसून फोनवर पाहिली. कुठल्यातरी कारखान्यात एक माणूस यंत्रात सापडून गेला होता. कोइमतूरचा एक म्हातारा, त्याच्याजवळ वीस शेअर, बनियनवर बसलेला, त्याने सरळ विचारलं की त्या यंत्राचं झाकण कुणी काढायला लावलं होतं. अध्यक्षांनी उत्तर दिलं. उत्तर गुळगुळीत होतं, अर्धं खोटं असावं, मी काही भोळी नाही. पब्लिक कंपन्यांतही माणसं मरतात आणि अध्यक्ष छान टाय लावून दुःख व्यक्त करतात. पण त्याला ते खोटं चारशे परक्या लोकांसमोर मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते कुठेतरी लिहून राहिलं. मी त्या म्हाताऱ्यावर खूश झाले. वीस शेअरवाल्याचा केवढा रुबाब! आणि त्याच आठवड्यात, अठरा टक्क्यांची मालकीण, मी स्वतःच्या कंपनीच्या कागदावर सही केली. काही न विचारता.

आता ती सही. आपल्या कंपनीची संचालकांची सभा सरस्वतीपूजेच्या सकाळी माझ्या घरी होते, ही आजोबांनी घालून दिलेली रीत तुला माहीत आहे. सभा म्हणजे काय, तर मी रात्रीच काळे चणे भिजत घालायचे. सकाळी कृष्णाजी लाल कापडात गुंडाळलेली इतिवृत्ताची वही घेऊन येणार. त्याच्या कारकुनाने ती आधीच लिहून आणलेली असते, वर चंदनकुंकवाचे ठिपके लावलेले असतात, सहीच्या जागी मोरपीस ठेवलेलं असतं. त्या दिवशी पुस्तक वाचायचं नाही, काही लिहायचं नाही, देवी विश्रांती घेते. आजोबांनी फक्त सहीची सूट ठेवली होती, देवीच्या साक्षीने म्हणून. अप्पा मोरपिसापाशी वही उघडतो, आधी तो सही करतो, मग मी. मग वही पाटावर, गिरणीच्या किल्ल्या वहीवर, निरांजन, त्या चण्यांचं सुंडल, आणि ओट्यावर बसून आम्ही भावंडं कॉफी पितो. विजयादशमीला वही पाटावरून निघून दिवसभर गिरणीच्या ऑफिसात पूजेला जाते आणि संध्याकाळी परत आली की मी ती माझ्या कपाटात ठेवते, कारण आजोबांच्या मते सरस्वतीचं घर टीचरचं. पुढच्या वर्षी सभेच्या आधी अप्पा ती नेतो. सव्वीस वर्षं. माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने मला प्रगतिपुस्तकावर घरच्यांची न वाचता केलेली सही आणली म्हणून एक तास बाकावर उभं केलं होतं. मुलींना मी सांगायची, घरच्या दुधाच्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही करू नका. आणि वर्षातून एक दिवस, नेमक्या त्याच दिवशी, मी वाचणं पाप मानत होते. विजयादशमीला तरी वाचावं? वाचलं नाही. चणे संपवायचे असायचे, घर आवरायचं असायचं, आणि भाऊ माझा होता.

जूनमध्ये कृष्णाजी आला. बूट न काढता आत आला, तेव्हाच मला कळलं. म्हणाला, अक्का, ती वही दे. मी म्हटलं, सरस्वतीपूजेला अजून तीन महिने आहेत. म्हणाला, वकिलांना दाखवायची आहे. म्हटलं, दाखवते की, त्यांना इकडे पाठव, मी कॉफी करते. त्याचा चेहरा पडला. तो गेल्यावर मी कपाट उघडलं. लाल कापड सोडलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती वही वाचली.

कारकून प्रामाणिक होता, बिचारा. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. गेल्या वर्षीच्या पानावर चौथा ठराव असा: बॉयलर चालक सांबशिव यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलण्याविषयीचा अर्ज वाचला. व्हॉल्व्ह हंगामानंतर बदलावा. तोपर्यंत सध्याची व्यवस्था चालू ठेवावी. खाली दोन सह्या. टी. कृष्णाजी. टी. सुप्रभा. माझी सही त्याच्यापेक्षा सुवाच्य आहे, कॉन्व्हेंटची वळणदार. सध्याची व्यवस्था म्हणजे ते पाच किलोचं माप. अर्ज वाचला म्हणे. कुणी वाचला?

कृष्णाजी पुन्हा आला तेव्हा मी ते पान त्याच्यासमोर ठेवलं. तो रडला नाही, ओरडलाही नाही. हिशेबी माणसासारखा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, जुनी वही वाळवीने खाल्ली असं सांगू. नवी वही लिहून घेतली आहे, सगळी वर्षं आहेत तिच्यात, फक्त हा ठराव नाही. या सरस्वतीपूजेला दोघं सह्या करू, जुन्या तारखा घालून. मी म्हटलं, आणि सांबशिव? म्हणाला, त्याच्या कुटुंबाला मी बघेन, तो तुरुंगात गेला तरी दोन-तीन वर्षांत सुटेल, मी गेलो तर गिरणी बंद, साठ माणसं रस्त्यावर, सांग कुणाचं नुकसान जास्त. मग आवाज मऊ करून म्हणाला, अक्का, आपल्या आपल्यातली कंपनी आहे गं, बाहेरचं कोण आहे इथे? तेव्हा मी त्याला म्हटलं, शेषम्मा बाहेरची होती, म्हणून ती आत मेली. बूट त्याने याही वेळी काढले नव्हते, तसाच निघून गेला. दाराशी म्हणाला, तू नाही केलीस तर दुसरी सही मला मिळेल. साठ टक्के माझे, बायकोचे बावीस, तुला काढायला एक सभा पुरे. तुझ्या त्या फळ्यावरच शिकवलंस ना तू, दोन पुरतात म्हणून?

बरोबर आहे त्याचं. दोन पुरतात. म्हणून तो फॉर्म तुझ्याकडे आला. पब्लिक कंपनी असती तर त्याला तिसरा संचालक लागला असता, एखादा बाहेरचा लागला असता, वही बघणारा सेक्रेटरी लागला असता. कदाचित ते सगळे मिळूनही खोटं बोलले असते, पण इतक्या लोकांना गप्प करायला त्याला निदान घाम फुटला असता. इथे फक्त मुलीला एक ईमेल.

मागच्या आठवड्यात मी बसने ओरत्तनाडूला गेले आणि तिथून रिक्षाने सांबशिवाच्या घरी. तो जामिनावर आहे. अंगणात खाटेवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू कुणाचे तरी ठेवायला दिलेले. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बस. त्याची बायको पाणी घेऊन आली, मला स्टूल दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला विचारलं, अर्ज नामंजूर झाला हे कळल्यावर तू काम का सोडलं नाहीस? का चालवत राहिलास? नंदिता, त्याचं उत्तर मी तसंच्या तसं लिहिते. तो म्हणाला, मालकांनी नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, टीचरम्मा. विजयादशमीच्या दिवशी मी माप सोडून ठेवलं होतं. तेव्हा त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, वही उघडून तुमची सही दाखवली. माझी मुलगी तुमच्याकडे शिकली. ती म्हणते, मिस वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. मी म्हटलं, टीचरम्मांनी वाचलं आहे म्हणजे धोका नसेल. मग मी ते माप परत टांगलं.

मी तिथून कशी आले ते मला सांगता येत नाही. वाटेत कालव्याचं पाणी सोडलेलं होतं, बायका रोपं लावत होत्या, बसमध्ये कुणीतरी मला जागा दिली. मी इतके महिने तुझ्या अप्पावर चिडत होते. त्याचा हावरेपणा, त्याची एकट्याची सत्ता, त्याचा चौकोन. आणि ते माप त्या दांड्यावर माझ्या सहीने बांधलं गेलं होतं. त्याच्या सहीवर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून तर त्याला माझी लागत होती.

तेव्हा आता ऐक, हे पत्र कशासाठी आहे ते. काल सकाळी मी ती वही लाल कापडासकट सांबशिवाच्या वकिलाच्या हातात दिली आणि सोबत माझा जबाब दिला, की हा ठराव खरा आहे, ही सही माझी आहे, आणि मी तो वाचला नव्हता. जबाबावर सही करण्याआधी मी तो तीनदा वाचला, वकील घड्याळाकडे बघत होता. त्याने समजावलं की अम्मा, यात तुम्हीही आरोपी व्हाल. मी म्हटलं, मग काय झालं? अप्पाला हे आज-उद्या कळेल. मग त्याच्याकडे एकच वाट उरते. मला संचालकपदावरून काढायचं, तुला बसवायचं, आणि तुम्ही दोघांनी सही करून सांगायचं की कंपनीची खरी वही ती नवी, आणि म्हातारीने आणलेली बनावट. प्रायव्हेट कंपनीत दोन माणसं म्हणतील ते खरं, निदान सांबशिवाला तुरुंगात पाठवण्याइतकं तरी खरं. तुझी सही मिळाली नाही तर तुझा बाप तुरुंगात जाईल, आणि त्याच्याबरोबर मीही. मी तुझ्याकडे काय मागते आहे हे मला समजतं, बाळा. ते गोड शब्दांत गुंडाळायला मला कधी जमलं नाही. सोबत त्या पानाची झेरॉक्स ठेवली आहे. वाच. फॉर्मही वाच, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग काय करायचं ते तू ठरव. या वर्षी माझ्या पाटावर वही नसेल. चणे मी भिजत घालीन, निरांजन लावीन, आणि देवीसमोर बसून दिवसभर वाचीन.

तुझीच,
सुप्रभाआत्या